केरूचा फोन

बुधवारी सकाळी, एक्स्चेंजमधून गेलेल्या प्रत्येक फोनची नोंद छापणाऱ्या यंत्रातून लोंबणारी कागदाची पट्टी फाडून मी तिची घडी घालत होते आणि एका ओळीवर माझा अंगठा थांबला. कालची तारीख. दुपारचे चार वाजून बारा मिनिटं. एक्केचाळीसवरून छत्तीसला. घंटा सात मिनिटं. उत्तर नाही. एवढंच. वर-खाली अशाच पन्नासेक ओळी होत्या. कोणी कॅन्टीनला चहा सांगितलेला, कोणी गेटवर ट्रक आला का म्हणून विचारलेलं. पण ही ओळ मी पुन्हा वाचली. खुर्चीत बसलेलीच होते, तरी आणखी कुठेतरी खाली बसावंसं वाटलं. एक्केचाळीस म्हणजे फाउंड्रीतला, भट्टीजवळचा लाल फोन. काल चारच्या सुमाराला तिथे काम करणाऱ्या जयरामच्या बुटात तापल्या लोखंडाचा रस गेला होता, हे सातपूरच्या स्टॉपवर उतरल्यापासून मी चार जणांच्या तोंडून ऐकलं होतं. भट्टीचा मुकादम भिमाजी फोन करायचं सोडून घाबरून उभाच राहिला, हेही ऐकलं होतं. लाल फोन उचलला की दवाखान्यात आपोआप घंटा वाजायला हवी. दवाखाना बावन्न. छत्तीस दवाखाना नव्हता. दोन वर्षांपूर्वी होता.

मी भित्री आहे हे आधीच सांगून टाकते. घराला कुलूप लावल्यावर गल्लीच्या कोपऱ्यावरून परत येऊन ते ओढून बघणारी मी. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, नगरपालिकेच्या शाळेत शिकवतात, ते वसाहतीतल्या सगळ्यांसमोर म्हणतात, भित्यापाठी ब्रह्मराक्षस, आणि आमच्या घरात तो भाडं न देता राहतो. त्यांचं खोटं नाही. फक्त एका जागी मला कधी भीती वाटली नव्हती, आणि ती म्हणजे या टेलिफोनच्या बोर्डापुढची खुर्ची. त्र्याहत्तर साली मी इथे लागले. मुलाखतीत साहेबांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं, मग पुन्हा एकदा गाव विचारलं. मग म्हणाले, काहीतरी वाचून दाखवा. मी समोरच्या वर्तमानपत्रातली हवामानाची बातमी वाचली आणि माझं काम झालं. आवाज बरा होता. तेव्हापासून चौदा वर्षं मी या कंपनीत आवाज म्हणून राहिले. आवाजाला आडनाव नसतं, आवाजाला कोणी दुसऱ्यांदा गाव विचारत नाही. कोणी म्हणायचं स्टोअर द्या, कोणी म्हणायचं पेंट शॉप द्या, की माझा हात वायर उचलून त्या भोकात घालायचा, आणि दोन माणसं एकमेकांशी बोलू लागायची. मी मध्ये होते. मी मध्ये असेपर्यंत काही चुकणार नाही, असं मला का वाटायचं कोण जाणे.

तीन आठवड्यांपूर्वी तो लाकडी बोर्ड उतरवून गोडाउनला नेला आणि त्याच्या जागी हे नवं एक्स्चेंज आलं. लोखंडी कपाट, त्यातून निघालेलं माझ्यापुढचं बटणांचं टेबल आणि टेबलावर दिव्यांच्या ओळी. पुण्याहून एक इंजिनिअर आला होता. वयानं माझ्या धाकट्या भावाएवढा. त्याच्या भाषेत फोनला फोन म्हणत नाहीत, स्टेशन म्हणतात. प्रत्येक स्टेशनला नंबर, नाव आणि वर्ग. पहिल्या वर्गाला मुंबई थेट फिरवता येणार, दुसऱ्याला फक्त नाशिक, तिसऱ्याला गेटच्या बाहेर काहीच नाही. साहेबांनी यादी दिली होती, पण अर्धीच. उरलेल्या भागावर ‘वत्सलाबाईंना विचारून’ असं लिहून खाली सही. झालं! ज्या परचेसच्या साहेबांनी चौदा वर्षांत ‘नंबर द्या’ याच्यापुढे माझ्याशी शब्द काढला नव्हता, ते टेबलापाशी येऊन म्हणाले, “बाई, आमच्या स्टेशनला जरा मुंबई जोडता आली तर बघा ना.” मी म्हटलं, बघते. खोटं कशाला बोलू, मला मजा आली. बटणं दाबायची, गुप्त आकडा टाकायचा, स्टेशनचा नंबर, मग काय द्यायचं त्याचा कोड. हिरवा दिवा लागला की झालं. असा हिरवा दिवा मी दोन दिवसांत सत्तर वेळा पाहिला असेल. कोणाला मुंबई दिली, कोणाची काढून घेतली. मास्तरांना घरी जाऊन सांगितलं तर ते म्हणाले, “जपून. राज्य मिळालं की माणूस चुकतो.” ते चेष्टेनं म्हणाले होते.

आमच्या कंपनीत फोनला नंबरानं कोणी ओळखत नाही, हे त्या इंजिनिअरला कळायला हवं होतं. निदान मला तरी कळायला हवं होतं. गेटचा फोन म्हणजे फकिराचा फोन. फकिरा सुटून सहा वर्षं झाली, आता तिथे दुसराच वॉचमन बसतो, पण फोन अजून फकिराचाच. माणूस जातो, फोनवर त्याचं नाव राहतं. तसा दवाखाना म्हणजे केरू. केरू कंपाउंडर. मी लागले त्याच्या आधीपासून तो तिथे होता. फाउंड्रीच्या मागच्या बाजूच्या खोलीत एक पलंग, एक काचेचं कपाट आणि टिंक्चरचा वास. कोणाचं बोट चेपलं, कोणाच्या डोळ्यात कचरा गेला, की मी छत्तीसमध्ये वायर घालायची आणि पलीकडून आवाज यायचा, “बोला वत्सलाबाई, कोण पडलं?” एकदा मीच पडले होते. पंच्याहत्तर साली, तिसऱ्या महिन्यात, बोर्डापुढेच रक्त जाऊ लागलं तेव्हा मी कोणाला न सांगता आधी केरूचा नंबर जोडला आणि म्हटलं, मीच आहे. तो धावत आला, हातात चादर घेऊन, आणि सगळ्या ऑफिससमोर ती माझ्याभोवती गुंडाळून मला घेऊन गेला. ते मूल राहिलं नाही. पण केरू त्या दिवसाबद्दल पुढे कधी एक अक्षर बोलला नाही, माझ्याशी नाही आणि दुसऱ्या कोणाशीही नाही. चौऱ्याऐंशीत काविळीनं तो गेला. पुढच्या वर्षी दवाखाना गेटजवळच्या नव्या इमारतीत नेला, सरूबाई नावाच्या शिकलेल्या नर्स आल्या आणि त्यांच्या टेबलावर बावन्न नंबर बसला. केरूच्या खोलीत लाकडी साचे भरून कुलूप घातलं. फोन काढायचा राहून गेला. तेव्हापासून ‘दवाखाना द्या’ म्हटलं की माझा हात आपोआप बावन्नकडे जायचा. एकदाही चुकला नाही. हाताला ठाऊक झालं होतं, पण तोंडाला कोणी विचारलंच नव्हतं.

आणि इंजिनिअरनं विचारलं ते तोंडाला. “लाल फोन उचलला की कुठे वाजायला हवं?” “दवाखान्यात,” मी म्हटलं. “स्टेशन?” आणि मी म्हटलं, “केरू. छत्तीस.” असं म्हणताना मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं, तेही आता आठवतं. पुष्कळ दिवसांनी ते नाव घेतलं म्हणून असेल. हिरवा दिवा लागला. मग तो फाउंड्रीत गेला, लाल फोन उचलून बघितला आणि शेजारच्या साध्या फोनवरून मला म्हणाला, “घंटा जातेय.” कोणी उचलला का, असं ना त्यानं सांगितलं, ना मी विचारलं. जेवणाची सुट्टी होती. त्याला पुण्याची गाडी गाठायची होती. दुसऱ्या दिवशी लाल फोनच्या वर पेंटरनं सुबक अक्षरांत लिहिलं, ‘अपघात झाल्यास फोन उचला. मदत येईपर्यंत खाली ठेवू नका.’

म्हणून सात मिनिटं. भिमाजीनं तो ठेवला नव्हता. फोन मेलेला असता तर त्यानं तो दहा सेकंदांत फेकून दिला असता आणि आरडाओरडा करत माणसं पळवली असती. पण त्याच्या कानात घंटा वाजत होती. मी त्या बुधवारी सकाळी मुद्दाम माझ्या टेबलावरून छत्तीस लावून ती ऐकली. ट्रिंग-ट्रिंग, थोडं थांबून पुन्हा ट्रिंग-ट्रिंग. तिच्यात काही चुकीचं नसतं. आता उचलतील, पुढच्या घंटेला उचलतील, असंच ती सांगत राहते. आणि तिकडे बंद खोलीत, साच्यांच्या ढिगाऱ्यात, केरूचा फोन वाजत होता. मला एकदम वाटलं, पलीकडून कोणी उचलला तर? कोणी म्हणालं, बोला वत्सलाबाई, कोण पडलं? तर मी काय सांगू? मी झटकन बटण दाबून लाइन तोडली. हात घामानं ओला झाला होता आणि बटणावर त्याचा ठसा राहिला. तो मी पदरानं पुसला. मग लक्षात आलं की आपण चोरासारखं काहीतरी पुसतो आहोत. खाई त्याला खवखवे.

याहून वाईट गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. काल चार वाजता मी इथेच बसले होते. माझ्यापुढे दिव्यांच्या ओळी होत्या. परचेसच्या साहेबांना मुंबई देण्याचं काम चालू होतं आणि शेजारी चहा होता. चौथ्या ओळीत एक्केचाळीस आणि छत्तीस असे दोन दिवे लागलेले मी पाहिले. पाहिले आणि मनात म्हटलं, किती छान, आपल्याला काही जोडावं लागत नाही, ज्याचा तो बोलतो आहे. चहा प्यायले. दिवे बराच वेळ होते. छत्तीसला कोण बोलायला असणार, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. जुना बोर्ड असता तर भिमाजीनं मला म्हटलं असतं ‘दवाखाना’, आणि माझ्या हातानं बावन्न जोडला असता. भीती मला कुलपाची वाटते, गॅसच्या बटणाची वाटते, गंगापूर रोड ओलांडताना वाटते. आणि जिथे वाटायला हवी होती तिथे मी चहा पीत बसले.

दहा वाजता पर्सोनेलमधला शिपाई चिठ्ठी घेऊन आला. चार वाजता चौकशी. टेलिफोन ऑपरेटरनं एक्स्चेंजच्या माहितीसाठी हजर राहावं. मी चिठ्ठीवर सही केली. माझी सही मला वेगळीच दिसली. चिठ्ठी आणणाराच म्हणाला, “भिमाजीचं काही खरं नाही, बाई. सरूबाई शपथेवर सांगतात, दवाखान्यात फोन वाजलाच नाही. दोन पेशंट बसलेले होते तिथे. आणि फाउंड्रीतले म्हणतात, जयराम ओरडत होता तेव्हा भिमाजी खांबाआड नुसता उभा होता.” लाल फोन खांबाच्या मागच्या अंगाला आहे. तो उभा होता ते कानाला फोन लावून. शेवटी पोरांनीच जयरामला हातगाडीवर घालून पळवलं. त्याचा पाय राहील की नाही ते शुक्रवारी कळणार होतं. सात मिनिटांनी पायाचं काय झालं असेल? काही झालंच नसेल, सगळं पहिल्याच क्षणी झालं असेल. किंवा त्या सात मिनिटांतच झालं असेल. डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत, कारण त्यांना कोणी विचारणार नाही. मलाच ते आयुष्यभर स्वतःला विचारत बसावं लागेल, हे मला तिथे खुर्चीत बसल्या-बसल्या कळलं.

शिपाई गेल्यावर दुसरंच भय उभं राहिलं. लाल फोन अजून छत्तीसलाच लागलेला होता. भट्टी चालू होती. या घटकेला आणखी कोणाच्या अंगावर काही उडालं तर? चूक दुरुस्त करायला दहा सेकंद पुरेसे होते. पण दुरुस्त केली की या पट्टीपलीकडे चुकीचा मागमूस राहणार नव्हता. एक्स्चेंजला काल काय होतं ते आठवत नाही, त्याला फक्त आज ठाऊक असतं. मग भिमाजी खोटाच ठरणार होता. आणि मी सुटणार होते. दोन्ही गोष्टी एकाच बटणाखाली होत्या. चांगलं काम करताना इतकं घाण वाटेल, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. मी गुप्त आकडा टाकला. एक्केचाळीस. कोड. बावन्न. हिरवा दिवा लागला. पट्टीचा तो तुकडा मी फाडून चौघडी करून पर्समध्ये, बसच्या पासाच्या मागे ठेवला. का ठेवला? द्यायला की लपवायला? मला अजूनही नीट सांगता येणार नाही.

बाराला पर्सोनेलचे साहेब आणि फाउंड्रीचे फोरमन यांनी लाल फोन उचलून पाहिला. पहिल्याच घंटेला सरूबाईंनी उचलला. साहेब माझ्या टेबलावरून जाताना फोरमनला म्हणाले, “बघितलंत? मशीन फर्स्ट क्लास आहे. माणूस घाबरला, दुसरं काय.” मला त्यांनी मान हलवून हसून दाखवलं. मीही हसले. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच मी फाउंड्रीच्या मागे गेले. केरूच्या खोलीची खिडकी धुळीनं पांढरी झाली होती. तळहातानं पुसून आत पाहिलं तर साच्यांच्या ढिगाशेजारी, जुन्या पलंगावर फोन होता. काळा. त्याच्यावर कोणीतरी गोणपाट टाकलं होतं आणि रिसीव्हर तेवढा बाहेर डोकावत होता. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. माझ्या मनात आलं, कुणाला काही कळणार नाही. तोंड उघडलं तर नोकरी जाईल. निदान ही खुर्ची तरी जाईल. आणि त्याआधी कोणीतरी म्हणेल, अहो, ह्या लोकांना एवढं जोखमीचं काम कशाला दिलंत? मोठ्यानं म्हणणार नाही. मी वाक्य पुरं होण्याआधी ऐकलेलं असेल. चौदा वर्षं या वाक्यापासून मी आवाजाच्या आड लपले होते. नाही बोलले तर भिमाजी. देवळ्याकडचा माणूस, अठरा वर्षं भट्टीपुढे, निवृत्तीला दोन वर्षं. त्याची आणि माझी ओळख म्हणजे एवढीच की सणाच्या दिवशी तो फोनवर ‘कॅन्टीन द्या’ म्हणायच्या आधी ‘जयभीम बाई’ म्हणायचा. मी कोणातली ते त्याला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. पण म्हणायचा.

चारला साहेबांच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. सरूबाई खुर्चीत ताठ बसलेल्या, फोरमन खिडकीशी, साहेब टेबलामागे, मी दाराजवळच्या स्टुलावर. भिमाजी उभा होता. टोपी हातात. त्याच्या भुवया भट्टीनं केव्हाच जाळून टाकल्या होत्या, त्यामुळे त्याचा चेहरा नेहमीच चकित झाल्यासारखा दिसायचा. साहेबांनी विचारलं, “फोन उचलला होता की नाही?” “उचलला व्हता साहेब. कानाला लावला. वाजत व्हतं.” “वाजत होतं तर सरूबाईंना ऐकू कसं आलं नाही?” “ते मला काय म्हाईत. लय येळ वाजत व्हतं.” “किती?” “पाच मिन्टं आसंल.” साहेब माझ्याकडे वळले. “वत्सलाबाई, एक्स्चेंजमध्ये काही दोष होता?” मी म्हटलं, “नाही. यंत्रात दोष नव्हता.” हा माझा चौदा वर्षांचा आवाज होता, स्वच्छ, हवामानाची बातमी वाचणारा. आणि ते खरं होतं, हेच भयंकर होतं. साहेब लिहू लागले. पेनाचा आवाज ऐकू येत होता. सरूबाईंनी सुटकेचा श्वास सोडला.

भिमाजी माझ्याकडे पाहत होता. त्या नजरेत राग असता तर मी कदाचित गप्प राहिले असते. रागापुढे मला गप्प बसायची सवय आहे. पण तो माझ्याकडे हिशेब चुकल्यासारखं पाहत होता, आणि तो हिशेब त्याचाच चुकला आहे, असं त्याला वाटत होतं. तो हळूच म्हणाला, “मंग माझंच कायतरी झालं आसंल, साहेब. बाई खोटं बोलायच्या नाय. मला वाटलं मी उचलला. काल रातीपासून सगळे तेच म्हनत्यात, तू नुसता हुबा व्हता. मलाबी आता तसंच दिसतंय, हुबा ऱ्हायल्यालं. लिवा तुमी.” आणि तो सही करायला टेबलाकडे सरकला.

मी पर्स उघडली. पास खाली पडला. घडी उलगडताना पट्टी जरा फाटली. “यंत्रात दोष नव्हता,” मी पुन्हा म्हटलं, आणि या वेळी माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, गावाकडचा, चिरका. “त्यांनी उचलला होता. घंटा केरूच्या बंद खोलीत वाजत होती. ते स्टेशन मी तसं लावलं होतं. आज सकाळी मी ते बदललं, म्हणून बाराला बरोबर वाजलं. हे छापलेलं आहे.” मग फोरमन म्हणाला, “अहो बाई!” आणि साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या तोंडावर ते वाक्य येताना मला दिसलं. ओठांपर्यंत आलं. भीती गेली नाही माझी. उलट इतकी वाढली की कानात घूं घूं होऊ लागलं. साहेबांनी हात पुढे केला, “आणा तो कागद इकडे.” पण त्यांच्या आधी भिमाजीनं तो माझ्या हातातून घेतला.

“माझी वळ कंची?” त्यानं विचारलं. मी बोट ठेवून दाखवली. “हे किती?” “सात मिनिटं.” “सात,” तो म्हणाला. “मी पाच म्हनत व्हतो.” त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला. त्याला अक्षरं वाचता येत नव्हती, आकडे येत होते, आणि तो ते एकेक करून ओठांनी मोजत होता. साहेब म्हणाले, “अरे, दे तो कागद.” भिमाजीनं मान वर केली नाही.

“थांबा साहेब,” तो म्हणाला. “कालपासून मी घरात बायकूला सांगत बसलोय, का म्या उचलला व्हता, तिलाबी खरं वाटंना. जरा पाहू द्या मला.”